हवाना सिगारची पेटी: खरी कोणती, बनावट कोणती

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर माझे मेहुणे क्रूझवरून परत आले आणि येताना कोहिबा या क्यूबन ब्रँडच्या सिगारची एक पेटी घेऊन आले. चकचकीत लाकूड, पितळी कडी आणि आतल्या सिगार दिसाव्यात म्हणून वर काचेचं झाकण. एका बेटावर बंदरालगतच्या दुकानात निम्म्या किमतीत मिळाली, असं ते मोठ्या आनंदानं सांगत होते. पेटी हातात घेतल्यावर काय बोलावं ते मला सुचेना. काचेच्या झाकणाची कोहिबाची पेटी क्यूबात कधी बनलेलीच नाही. ती उघडून बघायचीसुद्धा गरज नव्हती.

तरी उघडली. त्यांना विचारून एक सिगार पाटावर ठेवली आणि धारदार सुरीनं उभी चिरली. बाहेरचं पान बऱ्यापैकी होतं. आत मात्र निव्वळ चुरा: देठाचे तुकडे, दोन-तीन रंगांचा भुगा, मध्येच एक जाड शीर. खऱ्या कोहिबात टोकापासून टोकापर्यंत अखंड पानं मुडपून घातलेली असतात. इथे बोटाच्या पेरापेक्षा मोठा तुकडा सापडेना. मेहुणे बराच वेळ त्या चुऱ्याकडे बघत राहिले. पैसे गेल्याचं वाईट वाटत होतंच, पण यातल्या चार सिगार त्यांनी साहेबांना भेट दिल्या होत्या, ते त्यांना जास्त लागलं.

तेव्हापासून कोणी विचारलं की मी सगळं क्रमानं सांगतो. तोच क्रम इथे लिहितो आहे. त्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सिगारचा धूर छातीत ओढत नाहीत म्हणून ती निरुपद्रवी, हा समज चुकीचा आहे. तोंडाचा आणि घशाचा कर्करोग तिनंही होतो. हा लेख कोणाला सवय लावण्यासाठी नाही. जो घेणारच आहे त्यानं फसू नये, एवढ्यासाठी आहे.

आधी नावांचा घोळ समजून घ्या

क्यूबात १९६० साली सिगारचे कारखाने सरकारनं ताब्यात घेतले. जुने मालक देश सोडून गेले आणि त्यांच्यापैकी काहींनी आपली नावं बाहेर पुन्हा वापरात आणली. त्यामुळे आज मोंतेक्रिस्तो, रोमेओ इ हुलिएता, पार्तागास या नावांच्या सिगार क्यूबातही बनतात आणि क्यूबाबाहेरही, मुख्यतः डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये. कोहिबाची गोष्ट थोडी वेगळी. ते नाव क्रांतीनंतरचं, १९६६ सालचं. पण अमेरिकेत त्याच नावाची डॉमिनिकन सिगार विकली जाते आणि तिच्याभोवती गुंडाळलेल्या कागदी पट्टीवर इंग्रजी 'ओ' अक्षराच्या पोटात लाल ठिपका असतो.

डॉमिनिकन सिगार म्हणजे बनावट सिगार नव्हे. ती आपल्या जागी रीतसर माल आहे, फक्त क्यूबन नाही. अमेरिकेतून भाच्यानं आणलेली लाल ठिपक्याची कोहिबा 'डुप्लिकेट' म्हणून फेकून देणारे लोक मी पाहिले आहेत. तसं करू नका. पट्टीवर गावाचं नाव काय आहे ते वाचा. क्यूबनवर 'हाबाना' म्हणजे हवाना असतं.

क्यूबातून हातानं वळून बाहेर जाणारा सगळा माल हाबानोस ही एकच कंपनी जगभर पुरवते. ती १९९४ साली स्थापन झाली. तिच्याकडे २७ ब्रँड आहेत आणि देशोदेशी तिचे ठरलेले वितरक आहेत. म्हणजे खरा माल तुमच्यापर्यंत येण्याची वाट एकच आहे. बनावट माल ओळखायला याच गोष्टीचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

पहिली पायरी: माल बघण्याआधी माणूस बघा

हवानाच्या रस्त्यावर परदेशी माणूस दिसला की कोणीतरी जवळ येतं, गोड बोलतं, कुठून आलात विचारतं. मग सांगतं की त्याचा भाऊ, मामा किंवा शेजारी सिगारच्या कारखान्यात आहे. कामगारांना महिन्याला काही सिगार मिळतात, आज सहकारी संस्थेचा खास दिवस आहे, म्हणून आजच्या दिवस स्वस्त. एखाद्या घरात नेऊन पलंगाखालून पेटी काढून दाखवतात. पेटीवर शिक्के, सील, पट्ट्या सगळं जागच्या जागी असतं. ही कहाणी इतकी वर्षं आणि इतक्या लोकांना सांगितली गेली आहे की ती कानावर पडली की नम्रपणे नको म्हणावं आणि पुढे चालू लागावं. कारखान्यातल्या कामगाराला ओढायला सिगार मिळतात, हे खरं. सीलबंद कोहिबाच्या पेट्या मिळत नाहीत.

हवानात घ्यायची तर सरकारी दुकानातून घ्या. 'ला कासा देल हाबानो' या नावाची अधिकृत दुकानं तिथे आहेत. मिरामार भागात पाचव्या ॲव्हेन्यूच्या आणि सोळाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर एक आहे. मोठ्या हॉटेलांमध्येही असतात. तिथे घासाघीस होत नाही आणि बिल मिळतं. याच नावाची दुकानं इतर देशांतही आहेत. दुबईहून किंवा लंडनहून येताना विमानतळावरच्या ड्यूटी फ्री दुकानात घेतलेल्या मालाची चिंता सहसा करावी लागत नाही.

क्यूबातल्या विन्यालेसच्या शेतांवर शेतकरी स्वतःच्या तंबाखूची सिगार तुमच्यासमोर वळून देतात. पिकाचा मोठा हिस्सा सरकारला घालून उरलेल्यातून ते हे करतात. ती बिनपट्टीची सिगार शेतावरची म्हणून घ्यायला हरकत नाही. त्याच सिगारवर कोणी कोहिबाची पट्टी चढवून दिली की ती बनावट झाली.

व्हॉट्सॲप ग्रुपवर पेटीचे फोटो टाकून विकणाऱ्यांकडून घेऊ नका. फोटो खऱ्या पेटीचाही असू शकतो. हातात कोणती पेटी येईल ते त्या फोटोवरून कळत नाही.

भाव हाच पहिला पुरावा

२०२२ साली हाबानोसनं कोहिबा आणि त्रिनिदाद या दोन ब्रँडचे भाव जगभर एका पातळीवर आणले आणि ते एकदम वर गेले. आज कोहिबाच्या बेहिके या प्रकारातली एक सिगार अधिकृत दुकानात शंभर डॉलरच्या खाली मिळत नाही. दहा बेहिकेंची पेटी कोणी दोनशे डॉलरला देत असेल तर पुढे काहीच तपासू नका. खऱ्या मालावर थोडीफार सूट मिळू शकते, पण निम्मा भाव कधीच होत नाही.

नकला कशाच्या होतात तेही यावरून समजतं. सगळ्यात जास्त कोहिबाच्या, त्यातही बेहिके, एस्प्लेंदिदोस, रोबुस्तोस यांच्या. त्याखालोखाल मोंतेक्रिस्तोच्या. पहिल्यांदा घेणाऱ्यानं कमी मिरवल्या जाणाऱ्या ब्रँडकडे वळावं, असं माझं मत आहे. तिथे फसण्याची शक्यता कमी असते आणि सिगार तितक्याच मनापासून वळलेली असते.

पेटी: बाहेरून आत

आता पेटी उजेडात घ्या. पुढच्या अंगाला डाव्या बाजूला हिरव्या-पांढऱ्या रंगाचं सरकारी हमीचं सील असतं. ही पद्धत १९१२ सालच्या कायद्यापासूनची. १९९९ साली त्यावर लाल आकडे आले आणि २०१०च्या सुमाराला होलोग्राम आणि बारकोड. छपाई अतिशय बारीक आणि स्वच्छ असते. बनावट सीलवरच्या रेषा एकमेकींत मिसळलेल्या दिसतात, हिरवा रंग फिकट किंवा भडक असतो आणि होलोग्रामऐवजी नुसता चंदेरी चिकटपट्टीचा तुकडा असतो. पेटी हळूच तिरकी करा. खऱ्या होलोग्रामवरचं चित्र प्रकाशाबरोबर बदलतं.

बारकोडखालचा आकडा हाबानोसच्या अधिकृत संकेतस्थळावर टाकून पडताळता येतो. हे जरूर करा, पण त्यावर संपूर्ण भिस्त ठेवू नका. एका खऱ्या पेटीवरचा आकडा उचलून तो कितीही खोट्या पेट्यांवर छापता येतो. आकडा सापडला नाही तर पेटी वाईट. सापडला तर पुढची तपासणी सुरू.

वरच्या उजव्या कोपऱ्यात तिरकी पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर 'हाबानोस' हे नाव आणि तंबाखूच्या पानाचं चित्र असतं. आपल्याकडे हापूसला जसं भौगोलिक मानांकन आहे, तशी ही त्यांची उगमाच्या नावाची खूण. वुएल्ता आबाहो हा पिनार देल रिओ प्रांतातला तंबाखूचा पट्टा. सान लुईस आणि सान हुआन इ मार्तीनेस या गावांच्या परिसरातल्या जमिनीत उत्तम पान निघतं. हापूसच्या बाबतीत जे चालतं तेच इथेही चालतं. 'देवगड' छापलेली पेटी अस्सल असते आणि आत आंबा दुसरीकडचा. सिगारच्या रिकाम्या खऱ्या पेट्याही विकत मिळतात आणि त्यांत भलताच माल भरला जातो. म्हणून सील मधोमध नीट कापलेलं आहे का, उचकटून परत चिकटवलं आहे का, गोंद कडेनं बाहेर आला आहे का, ते बघा.

पेटी उलटी करा. नवीन माणूस हे हमखास विसरतो. तळाला तीन मजकूर डागून उमटवलेले असतात: कंपनीचं नाव, 'एचो एन कुबा' म्हणजे क्यूबात बनवलेलं, आणि 'तोताल्मेंते आ मानो' म्हणजे संपूर्ण हातानं. शेवटचा मजकूर १९८९पासून आला. बोट फिरवलं की लाकडात खोलगटपणा लागला पाहिजे. नुसती शाईची छपाई असेल तर शंका घ्या. शाईचा शिक्का वेगळा असतो. तो कारखान्याची गुप्त खूण आणि पेटी भरल्याचा महिना-साल सांगतो. हा शिक्का हातानं मारलेला असल्यामुळे थोडा वाकडा किंवा पुसट असला तरी चालतो. मात्र महिना स्पॅनिशमध्ये हवा. जानेवारीला 'एनेरो', एप्रिलला 'आब्रिल', ऑगस्टला 'आगोस्तो', डिसेंबरला 'दिसिएंब्रे', आणि त्यांची पहिली तीन अक्षरं. इंग्रजी महिन्यांची अक्षरं दिसली की पेटी खाली ठेवा.

तारखेचा ताळमेळही बघा. बेहिकेच्या नेहमीच्या पेट्या २०१० साली बाजारात आल्या. त्याआधीची तारीख असलेली दहाची पेटी कोणी दाखवली तर ती खरी असूच शकत नाही. 'एदिसिओन लिमितादा' म्हणजे मर्यादित आवृत्ती. ती २००० सालापासून निघते. तिच्यावर काळी-सोनेरी दुसरी पट्टी आणि तिच्यावर साल असतं. त्या साली त्या ब्रँडची कोणती सिगार निघाली होती ते आधी शोधून ठेवा. कधी निघालीच नव्हती अशी 'मर्यादित आवृत्ती' सर्रास विकली जाते.

झाकण उघडल्यावर

पहिल्यांदा नाक पुढे करा. देवदारी लाकडाचा आणि आंबवलेल्या तंबाखूचा भरदार वास यायला हवा. कागदाचा, रंगाचा, अत्तराचा वास आला तर काहीतरी बिनसलं आहे.

मग रंग. कारखान्यात पेटी भरणारे कामगार सिगार रंगाप्रमाणे निवडतात. एका पेटीत एकाच छटेच्या घेतात आणि त्यातही गडदकडून फिकटकडे अशा लावतात. फरक इतका सूक्ष्म की नव्या डोळ्याला सगळ्या सारख्याच दिसाव्यात. एक तांबूस, एक काळपट, एक हिरवट अशी ओळ दिसली तर ती कारखान्यात भरलेली नाही. कागद लावलेल्या पंचवीसच्या बऱ्याच पारंपरिक पेट्यांत वरच्या थरात १३ आणि खाली १२ सिगार असतात, मध्ये देवदाराचा पातळ पापुद्रा. सगळ्या पट्ट्या एका उंचीवर आणि तोंडं वर करून. वर-खाली सरकलेल्या पट्ट्या म्हणजे घाईत केलेलं काम.

पट्टीकडे भिंग लावून बघा. कोहिबाच्या काळ्या भागावरचे पांढरे चौकोन नीट कापलेले असतात, नाव बोटाला उठावदार लागतं. २०१४च्या सुमारापासून तिच्यावर होलोग्रामही आला. मोंतेक्रिस्तोच्या तपकिरी पट्टीवरच्या फुलाला २०१३मध्ये सोनेरी रंग आला. त्यामुळे जुनी आणि नवी पट्टी वेगळी दिसते, त्यावरून घाबरू नका. पेटीच्या तारखेशी जुळते ना, एवढं बघा.

शेवटी सिगार, बोटांनी

मी सोलापूरचा. आमच्या गल्लीत दुपारी उंबऱ्याशी बसून बायका सुपात तेंदूची पानं घेऊन विड्या वळायच्या. शेजारच्या मावशी बोलता बोलता वळत, विडीकडे बघतही नसत. सैल वळलेली विडी सुपात पडली की मात्र त्यांच्या हाताला ते कळायचं. ती उचलून त्या उकलत आणि परत वळत. क्यूबात सिगार वळणाऱ्याला 'तोर्सेदोर' म्हणतात. त्याच्या हाताला हेच कळतं. पट्टी, सील, होलोग्राम यांच्या नकला चांगल्या छापखान्यात निघतात. वर्षानुवर्षं सराव झालेला हात मात्र कुठल्या छापखान्यात मिळत नाही. त्यामुळे माझा सगळ्यात जास्त विश्वास या पायरीवर आहे.

सिगार अंगठा आणि दोन बोटांत धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलकेच दाबत जा. सगळीकडे सारखाच लवचीकपणा हवा. कुठे गाठ, कुठे पोकळ असं लागता कामा नये. बाहेरच्या पानाला 'कापा' म्हणतात. त्याचं पीक कापडाच्या सावलीत घेतात, म्हणून ते पातळ, तुकतुकीत आणि बारीक शिरांचं असतं. जाड, फुगलेल्या शिरा आणि कोरडं, धुळकट पान ही हलक्या मालाची लक्षणं.

आता टोपी, म्हणजे ओढायचं टोक. क्यूबन पद्धतीत टोपीचं पान असं बसवतात की भिंगातून तीन बारीक गोल रेषा दिसतात, एकीवर एक. बनावट सिगारमध्ये बहुधा एकच जाड गोल तुकडा चिकटवलेला असतो आणि त्याची कड नखाला लागते. कोहिबा लान्सेरोस, बेहिके आणि त्रिनिदाद फुंदादोरेस यांच्या टोपीला पिळलेली छोटी शेंडी असते. शेंडी नसलेली बेहिके दिसली की विषय संपला.

दुसऱ्या टोकाकडून आत बघा. अखंड पानांच्या घड्या दिसतात, त्यांच्या रंगात थोडा फरक असतो, कारण आत तीन प्रकारची पानं असतात: जळायला मदत करणारं 'वोलादो', वासाचं 'सेको' आणि तिखट 'लिहेरो'. बेहिकेत चौथं, रोपाच्या शेंड्याचं 'मेदिओ तिएम्पो' हे दुर्मीळ पानही घालतात. पंढरपुरी तंबाखूसारखा एकजात चुरा दिसला तर महागड्या ब्रँडच्या नावाखाली तो स्वीकारू नका. याला अपवाद आहे. होसे एल. पिएद्रा हा क्यूबनच, स्वस्त ब्रँड आहे आणि त्यात तुकड्यांचा तंबाखू भरलेलाच असतो. तिथे चुरा दिसला म्हणून ती खोटी ठरत नाही.

खिशात मोजपट्टी ठेवा. प्रत्येक सिगारचं माप ठरलेलं आहे. मोंतेक्रिस्तो क्रमांक ४ची लांबी १२९ मिलिमीटर, क्रमांक २ची १५६, पार्तागास सेरिए दे क्रमांक ४ आणि कोहिबा रोबुस्तोस १२४, एस्प्लेंदिदोस १७८, कोहिबाचीच सिग्लो सेक्स्तो, म्हणजे सहावी सिग्लो, १५०. जाडीचा आकडा इंचाच्या चौसष्टाव्या भागात देतात. म्हणजे ५० जाडीची सिगार जवळजवळ २० मिलिमीटर. हातानं वळलेल्या मालात एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होतो, पाच होत नाहीत.

राखेच्या रंगावरून किंवा ती किती वेळ टिकते त्यावरून खरं-खोटं सांगणारे भेटतील. मी त्यावर विसंबत नाही. ठेवण्यातल्या ओलाव्यावरसुद्धा राख बदलते.

घरी आणताना

क्यूबातून निघताना सुट्या २० सिगार बिलाशिवाय नेता येतात, मूळ सीलबंद पेट्यांत ५०पर्यंत. त्यापुढे दुकानाचं बिल दाखवावं लागतं. बिल तसंही जपून ठेवा. भारतात उतरताना करमुक्त सामानात २५ सिगारची मुभा आहे. नियम बदलतात, म्हणून निघण्याआधी एकदा बघून घ्या. अमेरिकेत राहणाऱ्यांनी मात्र क्यूबन सिगार सोबत नेऊच नये. सप्टेंबर २०२०पासून स्वतःसाठी आणायलाही तिथे मनाई आहे.

मुंबई-पुण्यात दुकानातून घेत असाल तर पेटीवर भारतीय चित्रमय धोक्याचा इशारा आहे का ते आधी बघा. २०१६पासून तो वेष्टनाच्या दर्शनी भागाचा ८५ टक्के व्यापतो. तो नसेल तर ती पेटी कायदेशीर आयातीतून आलेली नाही, आणि अशा पेटीत काय आहे याची हमी कोणीच देत नाही.

पहिली खरेदी करणाऱ्यानं पेटी घेऊच नये, असं माझं सांगणं आहे. अधिकृत दुकानातून मोंतेक्रिस्तो क्रमांक ४ची एकच सिगार घ्या. ती महाग नाही. तिची लांबी मोजा, टोपीच्या रेषा मोजा, बोटांनी दाबून बघा, पट्टी अलगद काढून वहीत चिकटवा. पुढच्या प्रत्येक वेळी तुलना करायला तुमच्याकडे एक खरी वस्तू असेल.

मेहुण्यांनी तेच केलं. मागच्या वर्षी दुबईहून परतताना त्यांनी तीन सिगार आणल्या, बिलासकट. घरी आल्यावर आईच्या शिवणाच्या डब्यातलं भिंग घेऊन ते खिडकीशी बसले आणि टोपीवरच्या रेषा त्यांनी मला मोठ्यानं मोजून दाखवल्या. तीन होत्या.